कंबरेचा एमआरआय आणि शर्टाची बटणं

साठीतले एक काका कंबरेचा एमआरआय घेऊन आले होते. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकलेली. कंबर दुखत होती, पाय जड झाले होते, चालताना तोल जात होता. रिपोर्ट आणि तक्रार जुळली, म्हणून मी कंबरेवरच उपचार सुरू केले.

दीड महिन्याने ते परत आले. कंबरदुखी कमी होती, पण चाल आणखी बिघडली होती. निघताना काकू सहज म्हणाल्या, "हल्ली यांची बटणंसुद्धा मलाच लावावी लागतात." मी दोघांना पुन्हा बसवलं. कंबरेतली नस दबली तर पायाला त्रास होईल, हाताची बोटं कशाला अडखळतील?

गुडघ्याखाली हातोडी मारून पाहिली. कंबरेत नस दबली तर हा झटका मंदावतो, फार तर तसाच राहतो. काकांचा पाय जोरात उडाला. मानेचा एमआरआय केला. मज्जारज्जू तिथे दबलेला होता. मान मात्र कधी दुखलीच नव्हती!

मेंदूचा पायाकडे जाणारा प्रत्येक निरोप मानेतून जातो. म्हणून मानेत मज्जारज्जू दबला की हात आणि पाय दोन्ही बिघडू शकतात. हा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली फक्त नसांचा जुडगा असतो. मानेचे ७ आणि कंबरेचे ५ मणके सर्वांत जास्त वाकतात, वळतात. त्यामुळे वयाबरोबर झीजही बहुधा दोन्हीकडे होते. कंबरेत दोष सापडला म्हणजे मान निर्दोष ठरत नाही.

काकांच्या मानेचं ऑपरेशन झालं. चाल सुधारली, बोटांचा बधिरपणा थोडा राहिलाच. दबलेला मज्जारज्जू नेहमी पूर्ण भरून येत नाही. ते पहिल्यांदा आले तेव्हा मी हात तपासले असते तर दीड महिना वाया गेला नसता, ही खंत मला आहे.

म्हणून कंबरेसाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हा हातांबद्दलही सांगा. बटणं लावताना, सही करताना, सुटे पैसे मोजताना अडखळायला होतं का? पाय ताठरतात का? अंधारात तोल जातो का? असं असेल तर मालिश करून किंवा सलूनमध्ये मान मोडून घेऊ नका, आधी तपासून घ्या. लघवीवरचा ताबा जात असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

मी आता कंबरदुखीच्या प्रत्येक पेशंटला एक बटण काढून लावायला सांगतो.