मुरमाची वाट : सिरसाळा ते कुंथलगिरी

परळीहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सिरसाळा हे बाजाराचे गाव लागते. उत्तरेस गोदावरीच्या खोऱ्यातील काळी, सपाट जमीन आणि दक्षिणेस बालाघाटाची निळसर रांग, अशा दोन भिन्न प्रदेशांच्या सीमेवर ते वसले आहे. बहुतेक प्रवासी येथे चहापुरते थांबतात आणि वैजनाथाच्या दर्शनाला पुढे निघून जातात. डोंगराकडे वळणाऱ्या कच्च्या वाटांकडे कोणाचे लक्ष जात नाही. ज्यांना त्या ठाऊक आहेत, त्यांच्या लेखी त्या केवळ शेताला जाण्याच्या वाटा आहेत.

अशाच वाटांना परदेशात गेल्या वीस वर्षांत मोठी प्रतिष्ठा लाभली आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया या लहानशा गावी २००६ साली खडीच्या रस्त्यांवरील सायकल शर्यत सुरू झाली. तिचा मुख्य टप्पा सुमारे ३२० किलोमीटरचा असतो. २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. या सायकलीला ‘ग्रॅव्हल’ सायकल म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, टायर मात्र रुंद आणि हवा कमी, म्हणजे खडीवर चाक उसळत नाही. यात नवे किती, हा प्रश्न मराठवाड्यातील जुन्या माणसाला पडल्यावाचून राहणार नाही. कापडाचे गठ्ठे, गुळाच्या ढेपा आणि हिशेबाची वही कॅरिअरला बांधून आठवडी बाजार गाठणारा फेरीवाला याच रस्त्यांवरून जात असे, आणि त्याच्या सायकलीला गिअर नव्हते. ज्याला केवळ हा प्रदेश पाहायचा आहे, त्याने महागड्या सायकलीसाठी खोळंबून राहू नये. रुंद टायरची साधी गिअरची सायकल पुरेशी आहे.

या वाटांचे मर्म मुरमात आहे. बालाघाट हा दख्खनच्या काळ्या अग्निजन्य खडकाचा, म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेला प्रदेश. म्हणूनच येथील डोंगर माथ्यावर सपाट आणि उतारावर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. हा खडक झिजला की त्याचा मुरूम होतो आणि तो आणखी झिजून खाली वाहत गेला की काळी माती. मुरमातून पाणी झिरपून जाते, त्यामुळे पाऊस थांबल्यावर काही तासांत वाट चालू होते. काळ्या मातीचा स्वभाव याच्या नेमका उलट. भिजली की ती चाकाला पेंडासारखी चिकटते, ब्रेकमध्ये बसते आणि अखेर सायकल खांद्यावर घेण्याची पाळी आणते. सिरसाळ्याच्या उत्तरेला माजलगावकडील शिवारात हा अनुभव हटकून येतो. दक्षिणेला मोह्याच्या बाजूने डोंगराकडे निघाले की जमिनीचा रंग काळ्याचा तपकिरी आणि मग तांबूस होतो. हा रंगबदल ज्याने ओळखला, त्याला नकाशाची फारशी गरज पडत नाही.

पुढे धारूर आणि अंबाजोगाईपर्यंतचा मुलूख चढउतारांचा आहे. अरण्य म्हणावे असे दाट जंगल येथे नाही. धावडा, खैर, बोर, बाभूळ आणि उतारांवर पसरलेली सीताफळीची झुडपे, असे हे कोरडे काटेरी रान आहे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि दसऱ्याच्या सुमारास या उतारांवरून जाणाऱ्याला त्याचे कारण कोणी सांगावे लागत नाही. काट्यांचा उपद्रव मात्र मोठा. बाभळीचा काटा साध्या ट्यूबला क्षणात निकामी करतो, म्हणून टायरमध्ये छिद्र बुजवणारे द्रव भरून घेणे किंवा निदान दोन जादा ट्यूब जवळ बाळगणे श्रेयस्कर. धारूरचा किल्ला विजापूरच्या किश्वरखानाने १५६७ साली बांधला. त्याच्या तटावरून खालचे खोरे पाहिले म्हणजे ही जागा का निवडली, ते कळते. अंबाजोगाई हे तर मुकुंदराज आणि दासोपंतांचे गाव. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे.

हंगामाचा प्रश्न जैन घरांपुरता थोडा वेगळा आहे. डोंगर हिरवे होतात ते श्रावण-भाद्रपदात आणि सायकलप्रेमींना मोह पडतो तोही तेव्हाच. परंतु याच दिवसांत मुरमाच्या वाटेवर गांडुळे, गोगलगाई, पैसा किडे आणि मखमली मृगकिडे अक्षरशः विखुरलेले असतात. साधू-साध्वी चातुर्मासात एका जागी राहतात त्यामागे हेच कारण आहे. ईर्यासमितीत चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकण्यास सांगितले आहे. उतारावर सुटलेल्या चाकाला ते कसे साधावे? कार्तिकी पौर्णिमेनंतर, विहार सुरू होतो तेव्हाच, या वाटांवर निघणे उचित. तोपर्यंत हिरवा रंग थोडा उतरलेला असतो, एवढेच.

विहाराचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. हमरस्ते रुंद झाले, वाहनांचा वेग वाढला आणि पहाटेच्या अंधुक प्रकाशात रस्त्याच्या कडेने अनवाणी चालणाऱ्या साधू-साध्वींना वाहनाने ठोकरल्याच्या बातम्या समाजाला वारंवार ऐकाव्या लागतात. प्रत्येक वेळी शोकसभा होते, निवेदने दिली जातात. गावागावांना जोडणाऱ्या जुन्या शीव रस्त्यांचा आणि पाणंदींचा विचार मात्र क्वचितच होतो. ज्या वाटेवर सायकल निर्धास्त चालते, त्याच वाटेवर विहारही निर्धास्त होऊ शकतो. तापलेल्या डांबरापेक्षा मातीची वाट अनवाणी पायाला सुसह्य असते. खडा टोचतो, पण चटका बसत नाही.

दुर्दैवाने याच वाटा आक्रसत आहेत. दर नांगरटीला बांध वीतभर सरकतो आणि दहा-पंधरा वर्षांत गाडीवाटेची पाऊलवाट होते. कायदा दुबळा आहे असे नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये वाटेतील अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतो, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून जाण्याच्या रस्त्याचा निर्णय करू शकतो. २०२१ पासून शेत व पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही आहे. अडचण इतकीच की वाट वापरात नसली तर तिच्यासाठी अर्ज करणारा कोणी उरत नाही. ज्या घरांच्या पेढ्यांवर आजही परिसरातील शेतकऱ्यांची ऊठबस आहे, त्यांनी गावनकाशा काढून दोन्ही बाजूंच्या खातेदारांशी एकदा बोलणे, हे अनेक निवेदनांपेक्षा फलदायी ठरेल.

जिल्ह्याच्या पश्चिम भागात पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे. सिरसाळ्याहून हा एका दिवसाचा पल्ला नव्हे. बीडला मुक्काम करून निघावे. येथील टेकड्या बोडक्या वाटतात, पण सकाळच्या पहिल्या प्रहरी झुडपांतून केका ऐकू येतात आणि इंजिनाचा आवाज नसल्याने मोर वाटेच्या बऱ्याच जवळ थांबून राहतो. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे. वनखात्याच्या परवानगीवाचून आत शिरू नये आणि ठरलेली वाट सोडू नये. दिगंबर मुनींची पिच्छी मोराने आपणहून गाळलेल्या पिसांची असते, म्हणून एखादे पीस पडलेले दिसले की श्रद्धेने उचलावेसे वाटते. अभयारण्याच्या हद्दीत तेही तेथेच राहू द्यावे.

त्यानंतर बालाघाटाच्या माथ्यावरून दक्षिणेकडे, धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात शिरले की कुंथलगिरी. देशभूषण आणि कुलभूषण या दोन मुनींचे हे निर्वाणस्थान. त्यांच्यावरील उपसर्ग रामचंद्राने दूर केल्याची कथा रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात आहे. आचार्य शांतिसागर महाराज दक्षिणेतून दिल्लीपर्यंत पायी विहार करून आले होते. त्यांनी १९५५ साली अखेरच्या सल्लेखनेसाठी हाच डोंगर निवडला. ३६ दिवसांनंतर, १८ सप्टेंबर रोजी, येथेच त्यांची समाधी झाली.

सायकलने येणाऱ्यांनी धर्मशाळेत आदल्या दिवशी कळवून ठेवावे. हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या आत होतो, आणि शेवटच्या चढणीला अंदाजापेक्षा अर्धा तास अधिक लागतो. भोजन त्यापूर्वी आटोपले पाहिजे. सायकली पायथ्याशी लावाव्यात, पादत्राणे तेथेच काढावीत आणि पायऱ्यांनी वर जावे.