सूर्य सर्वांचा, सातबारा कुणाचा?

२०१८ च्या एप्रिलमध्ये देशातल्या शेवटच्या गावात वीज पोचल्याचे सरकारने जाहीर केले. व्याख्या अशी की सार्वजनिक ठिकाणे आणि दहा टक्के घरे उजळली की गाव विद्युतीकृत. दलित वस्तीत तारा पोचाव्यात अशीही अट होती. पण तार म्हणजे दिवा नव्हे. उरलेल्या नव्वद टक्क्यांत कोण असते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

आता सौरऊर्जेचा गजर आहे. सौरपंपाला शेत लागते, छतावरच्या पॅनलला स्वतःचे पक्के छत. भूमिहीनाने काय दाखवायचे? उलट सौर कृषी वाहिनी योजनेत प्रकल्पांसाठी गायराने दिली जातात. अशाच पडीक जमिनींसाठी १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले होते. आज गायरान कसणाऱ्या आमच्या माणसांना आम्ही काय सांगायचे? सूर्यासाठी उठा म्हणून?

बाबासाहेब मजूरमंत्री असताना वीजही त्यांच्याच खात्यात होती. स्वस्त, मुबलक विजेचा आग्रह त्यांनी धरला तो माणसाच्या मुक्तीसाठी. म्हणून आम्ही सौरऊर्जेच्या विरोधात नाही. आमचे म्हणणे एवढेच: गायरान आधी कसणाऱ्याच्या नावे करा, प्रकल्पाचे भाडे त्यालाच द्या आणि पहिला दिवा वस्तीत लावा.

जय भीम!