वाळूच्या मुलखातला अनोळखी सोबती

नकाशावर न सापडणारा हा मुलूख आहे ‘जर्नी’ नावाच्या व्हिडिओ गेममधला. २०१२ साली अमेरिकेतल्या ‘दॅटगेमकंपनी’ने तो प्लेस्टेशन ३ साठी काढला. चहूकडे सोनेरी वाळू, अर्ध्या गाडल्या गेलेल्या वास्तू आणि दूरवर, माथ्यावर प्रकाश झळकणारा डोंगर. लाल झग्यातल्या प्रवाशाने तिथवर पोहोचायचे, बस्स! बंदूक नाही, गुणांची मोजदाद नाही.

वाळू तर काय सुरेख! उन्हात चमचमते, उतारावर पाण्यासारखी वाहते. ऑस्टिन विंटरी यांच्या संगीताला ग्रॅमीचे नामांकन मिळाले होते, ते उगीच नव्हे.

वाटेत अचानक दुसरा झगेवाला भेटतो. इंटरनेटवरून आलेला, जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातला खराखुरा खेळाडू. त्याचे नाव कळत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. फक्त एक सूर काढून हाक घालायची. पुढे बर्फाळ चढणीवर वारा मागे लोटतो, गळपट्ट्यातले तेज विझत जाते. दोघे एकमेकांना खेटून चालले, की ते पुन्हा उजळते. अशा वेळी सोबती वादळात दिसेनासा झाला, तर जीव कासावीस होतो. तोही कुणासाठी, तर ज्याचा चेहरासुद्धा पाहिलेला नाही त्याच्यासाठी!

दोनेक तासांत प्रवास संपतो. जरा लवकरच, ही तक्रार रास्त आहे. श्रेयनामावलीनंतर वाटेत भेटलेल्या सोबत्यांची नावे पडद्यावर येतात. तोवर ते आपापल्या वाटेने निघून गेलेले असतात.