झाशीत घोड्यावरून पडलो, त्याची गोष्ट



गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी झाशीत घोड्यावरून पडलो आणि उजवं मनगट मोडून घेतलं. हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. कुणाही मराठी माणसाला ते ऐकवा, डोळ्यांसमोर झाशीचा किल्ला, उधळलेला घोडा आणि तलवार उभी राहते. मीही बरेच दिवस तेवढंच सांगून गप्प बसायचो. पुढचं वाक्य कुणी विचारलंच तर सांगायचं, की घोडा रंगाऱ्याचा होता. दोन्हीकडे पाय फाकून उभा राहतो तो, लाकडी.

झालं असं. तीन वर्षं फिल्डमध्ये काढल्यावर पीस पोस्टिंग मिळालं, झाशी. क्वार्टरच्या यादीत आमचा नंबर बराच खाली होता, म्हणून कॅन्टोन्मेंटबाहेर दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं. मुलीची चौथीची परीक्षा आटोपली की एप्रिलअखेर ती दोघी गावाहून येणार होत्या. माझ्या हातात तीन आठवडे होते. घर जुनं. भिंतींना ओल, पोपडे सुटलेले, आणि स्वयंपाकाचा ओटा 28 इंचांचा. आमच्या मंडळींना कंबरदुखी. म्हटलं, ओटा विटांचे दोन थर देऊन 34 इंचांवर न्यायचा, भिंती घासून पुट्टी मारायची, रंग काढायचा आणि कोपऱ्यात देवघराची फळी ठोकायची. घरमालक रेल्वेतून निवृत्त झालेले, बुंदेली बोलणारे गृहस्थ. त्यांनी साहित्याचे पैसे भाड्यातून वळते करायला आनंदानं होकार दिला. फुकटचा गवंडी कुणाला नको असतो?

आणि मी काही साधा गवंडी नाही, बॉम्बे सॅपर्सचा माणूस. बेली ब्रिजचं एक पॅनल साधारण 260 किलोचं असतं, ते सहा जण मिळून उचलतात. अशी किती पॅनल पहाडात, पावसात, खाली नदी उसळत असताना जोडली त्याचा हिशोब नाही. नव्या पोरांना सेफ्टीचं लेक्चर मीच द्यायचो. शिडीवर असताना हात पोचेल तेवढंच काम करा, पुढचं करायचं तर खाली उतरा, शिडी सरकवा, पुन्हा चढा. खाली एक माणूस शिडी धरायला हवाच.

त्या रविवारी आमच्या कंपनीतला एक शीख जवान मदतीला आला होता. दुपारी तो म्हणाला, "साब जी, मैं घोड़ी पकड़ता हूँ." मी म्हणालो, "जा, आधी जेवून ये." छताचा एक कोपरा राहिला होता, फक्त एक वीत लांब. त्या एका वितीसाठी कोण उतरणार? मी वाकलो. घोड्यानं त्याचं काम केलं. जमीन फार तर चार फूट खाली होती, पण मी तळहात पुढं करून पडलो आणि अंगाचं सगळं वजन त्यावर आलं. वरून पुट्टीचं घमेलं डोक्यावर आलं. घरमालक धावत आले, "काए फौजी भैया, का हो गओ?" बुंदेलीतलं ते 'काए' आपल्या 'काय'सारखंच वाटतं. मला क्षणभर वाटलं, गावातला कुणी म्हातारा विचारतोय. पांढराशुभ्र चेहरा करून मी उत्तर दिलं, "कुछ नहीं बाबूजी, ऑल ओके."

हा 'ऑल ओके' लक्षात ठेवा. पुढं लागेल.

दुसऱ्या दिवशी सुभेदार मेजर साहेबांनी सुजलेला हात पाहिला. "क्या हुआ?"

"घोड़ी से गिर गया, साब."

"घोड़ी से? इस उमर में दूसरी शादी कर रहा था क्या?"

उत्तरेत नवरदेव घोडीवर बसून वरात काढतो, हे मी विसरलोच होतो. संध्याकाळपर्यंत अख्ख्या युनिटला बातमी लागली. कुणी विचारी घोड्याची जात कोणती, कुणी विचारी घोडा कसा आहे, त्याला लागलं नाही ना. मीही मागं हटलो नाही. सांगितलं, "घोडा शहीद झाला, एक पाय गेला. मी लढतोय." एकानं सल्ला दिला, रंगाचा ब्रश आता दुसऱ्याकडं द्या. मी छाती पुढं काढून म्हणालो, "मी माझा ब्रश देणार नाही!" झाशीत राहून एवढं म्हणायचा हक्क आहे की नाही?

मिलिटरी हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढला. हाड साफ. मी निघायच्या तयारीत, पण डॉक्टर मॅडम, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, म्हणाल्या, "थांबा." त्यांनी माझा अंगठा वर करायला लावला. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी दोन शिरांमध्ये एक खळगा दिसतो, तुम्हीही करून बघा. माझे आजोबा तिथंच तपकीर ठेवून ओढायचे. डॉक्टरी पुस्तकातही त्या खळग्याला तपकिरीच्या डबीवरूनच नाव आहे. मॅडमनी तिथं बोट दाबलं आणि मला आजोबाच नव्हे, सात पिढ्या आठवल्या.

त्यांनी समजावून सांगितलं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. त्यातलं एक होडीच्या आकाराचं असतं, ते या खळग्याच्या तळाशी. तळहातावर पडलं की या आठांपैकी बहुधा तेच मोडतं. खोड अशी, की मोडलं तरी पहिल्या एक्स-रेत कित्येकदा दिसत नाही. आणि त्याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून, उलट्या दिशेनं मिळतं. मधे तडा गेला की मागच्या तुकड्याची रसद तुटते. मग हाड जुळायला वेळ लागतो, आणि दुर्लक्ष केलं तर कधी जुळतच नाही, मनगट कायमचं दुखरं होतं. रसद तुटलेली चौकी म्हणजे काय, ते मला वेगळं सांगायला नको होतं. "दिसत नसलं तरी मोडलंय असंच धरून चालू," त्या म्हणाल्या आणि अंगठ्यासकट पट्टी बांधली. दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हा केसाएवढी रेघ दिसली. प्लॅस्टर. दहा ते बारा आठवडे.

फौजेत तब्येतीचा हिशोब 'शेप' या पाच अक्षरी शब्दात मांडतात. मन, कान, हातपाय, शारीरिक ताकद आणि डोळे, एकेका अक्षराला एकेक. माझं हातापायाचं अक्षर तात्पुरतं घसरलं. युनिटमध्ये मी म्हणायचो, "वय झालं, शेप बिघडणारच." पण बढतीच्या वेळी ही कॅटेगरी बघतात, आणि रात्री पडल्या पडल्या मी सुजलेली बोटं मोजत बसायचो. मूठ वळेल का? पाना धरता येईल का? हे मात्र कुणाला सांगत नव्हतो.

हॉस्पिटलच्या बाकावर एकदा शेजारी एक तरुण पोरगा बसला होता. हिमदंशानं त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली होती. त्यानं माझ्या प्लॅस्टरकडं बघून आदरानं विचारलं, "साब, आप किधर से?" म्हणजे कुठल्या फिल्डमधून.

मी म्हणालो, "किचन से."

तो इतका हसला, की नर्सबाई बाहेर आल्या. मग हसू ओसरल्यावर हळूच म्हणाला, "साब, माँ को मैंने एक ही उँगली का बताया है."

त्यावर मला काही विनोद सुचला नाही.

कारण मी तरी वेगळं काय करत होतो? घरी मी काहीच सांगितलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर फोन डाव्या हातात, उजवा हात टेबलाखाली. "घर कुठवर आलं?" "झकास. ऑल ओके." प्रत्यक्षात अर्ध्या भिंती घासलेल्या, ओटा फोडलेला, आणि मी डाव्या हातानं पायजम्याची नाडी बांधायला रोज दहा मिनिटं झगडतोय. नाडीची गाठ एका हातानं बांधता येत नाही. एक टोक दातात धरावं लागतं, आणि दात कमरेपर्यंत पोचत नाहीत. शेवटी त्या जवानानंच इलॅस्टिकची विजार आणून दिली. "साब जी, बेली ब्रिज बना लेते हो, नाड़ा नहीं बाँधा जाता?"

दोघी पुण्याहून गोवा एक्स्प्रेसनं आल्या. मी प्लॅटफॉर्मवर गळ्यात झोळी अडकवून उभा. लेक धावत आली आणि प्लॅस्टर बघून थबकली. मी तयारच होतो, "बाळा, बाबा झाशीत घोड्यावरून पडले!" तिचे डोळे मोठे झाले. "खऱ्या?" तिच्या आईनं एकदा माझ्याकडं, एकदा झोळीकडं पाहिलं. बॅग खाली ठेवली. म्हणाली, "कधी?"

"तीन आठवडे झाले."

ती काही बोलली नाही. रिक्षात नाही, घरी पोचल्यावर नाही. फोडलेला ओटा, पोपडे, तीन पायांचा घोडा, सगळं फिरून पाहिलं. पदर खोचला आणि स्टोव्हवर जमिनीवरच भात टाकला.

रात्री लेक झोपल्यावर मी शर्टाचं बटण सोडवायला धडपडत होतो. ती जवळ आली, एकेक बटण सोडवायला लागली. मी म्हणालो, "अगं, तुला उगाच काळजी नको म्हणून..." आणि घोड्याचा तोच विनोद पुन्हा सुरू केला. ती मधेच म्हणाली, "तुम्ही सिक्कीमला होता तेव्हाचं आठवतंय? एकदा ओरडला होता माझ्यावर, कॅमेरा नीट धर की, नुसती हनुवटी दिसतेय म्हणून?"

आठवत होतं. नेटवर्क आठवड्यातून एखाद्या वेळी मिळायचं आणि हिला फोन धरता येत नाही म्हणून मी चिडलो होतो.

"डावा हात प्लॅस्टरमध्ये होता माझा. मोरीत घसरून पडले होते. महिनाभर. आईंना सांगून ठेवलं होतं, त्यांना कळू द्यायचं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय करणार होता तुम्ही तिथून? तुम्ही विचारलं कशी आहेस, मी म्हणाले मजेत." मग थोडं थांबून, "ते तिथं होतं. पण आता तुम्ही घरी आला आहात ना, अहो? घरी तरी खरं सांगा."

मंडळी, फौजेत 'ऑल ओके रिपोर्ट' देणं आमच्या रक्तात असतं. वर विनोदाची पुट्टी मारली की आतली ओल दिसत नाही, एवढंच. ती पुट्टी बाकावरच्या त्या पोराला हवी होती, युनिटमध्ये मलाही हवी होती. तिच्यामुळे दिवस निघतात. पण ओल्या भिंतीवर पुट्टी टिकत नाही, हे गवंडीकामातलं पहिलं शिक्षण मला घरी लागू करता आलं नाही. त्या रात्री मी तिला सांगितलं, की भीती वाटते. मूठ पहिल्यासारखी वळली नाही तर? ती म्हणाली, "नाही वळली तर बघू. आधी ओटा बघू."

ओटा तिनंच पुरा केला. एक स्थानिक मिस्त्री आणला. तो विटा लावायचा, ही डोक्यावर उभी राहून मापं घ्यायची, आणि मी डाव्या हातात ओळंबा धरून उभा. तीस वर्षांच्या नोकरीत एवढी सोपी ड्यूटी लागली नव्हती. ती मापं घेताना मला कळलं, की माझ्या माघारी गावचं घर असंच उभं राहिलं होतं. पत्रे, नळ, मीटर, आईचं आजारपण, सगळं. मी मात्र दर सुट्टीत जाऊन 'आता मी आलोय' म्हणत एखादा खिळा ठोकायचो.

मे महिन्यात झाशीचा पारा 45 च्या वर जातो. प्लॅस्टरच्या आत खाज सुटली, की मी देवाला आणि स्वेटरच्या सुईला आठवायचो. मॅडमनी सुई घालायला सक्त मनाई केली होती, जखम झाली तर कळणारही नाही म्हणून. लेक पुठ्ठ्यानं वारा घालायची आणि दर दहा मिनिटांना आइस्क्रीमचा हप्ता घ्यायची. प्लॅस्टरवर तिनं स्केचपेननं घोडा काढला, तीन पायांचा.

जूनअखेर प्लॅस्टर निघालं. हात वाळक्या शेंगेसारखा झाला होता. फिजिओथेरपीत चेंडू दाबायला सांगितलं. घरी मंडळींनी कणकेचा गोळा दिला. "दाबायचाच आहे ना? मग मळा." दोन महिने कणीक मी मळली. पोळ्यांमध्ये सुरुवातीला भारताचा नकाशा यायचा, हळूहळू गोल होत गेल्या. पहिल्यांदा नीट सॅल्यूट मारला तेव्हा सुभेदार मेजर साहेब म्हणाले, "घोड़ी से उतर गया?" कॅटेगरीही पुढच्या तपासणीत पूर्ववत झाली.

माझ्या जुन्या आणि नव्या साथीदारांना एक सांगणं. तळहातावर पडलात, अंगठ्याच्या मुळाशी त्या तपकिरीच्या खळग्यात दुखत असेल, तर एक्स-रे साफ आला म्हणून घरी जाऊ नका. पुन्हा दाखवा. आणि शिडी धरायला कुणी येतो म्हणाला, तर त्याला जेवायला पाठवू नका.

देवघराची फळी तेवढी मी ठोकली, डाव्या हातानं. उजवीकडं पाव इंच उतरली आहे. गणपती रोज थोडा थोडा सरकत कडेला येतो. ती रोज त्याला मागं सारते आणि मला हाक मारते, "अहो सॅपर, ही फळी कधी सरळ करताय?"

करणार आहे. घोडा धरायला ती मोकळी झाली की.

जय हिंद!