ही रूम पुसणार कोण?

पांढरा रंग किती प्रकारचा असतो? तुम्ही-आम्ही फार तर दोन सांगू. पांढरा आणि मळलेला पांढरा! लोअर परळच्या एका जुन्या मिलच्या आवारात नऊ माणसांचा एक इंटिरियर डिझाईन स्टुडिओ आहे. तिथे एका भिंतीवर पांढऱ्याच्या छत्तीस पट्ट्या चिकटवल्या आहेत आणि प्रत्येकीचं नाव वेगळं आहे. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत मला काही केल्या फरक दिसेना, तेव्हा तिथली तेवीस वर्षांची ज्युनिअर डिझायनर अगदी कळवळून म्हणाली, ‘‘अगं, खिडकीपाशी नेऊन बघ ना!’’ नेऊन बघितलं. नाहीच दिसला.

हा स्टुडिओ लक्झरी हॉटेल्स आणि घरं सजवतो. (‘सजवतो’ म्हटलेलं त्यांना आवडत नाही. असो.) वर्षाला चार-पाचच कामं घ्यायची आणि प्रत्येक साइटवर मालकिणीने स्वतः उभं राहायचं, म्हणून तो ‘बुटिक’. स्टुडिओचं नाव इथे येणार नाही, कारण त्यांचे क्लायंट्स आधी सही घेतात, बाहेर अवाक्षर काढायचं नाही म्हणून. कुणाच्या पेंटहाऊसमध्ये किती रुपयांचं झुंबर लागलं, हे मलाही शेवटपर्यंत कळलं नाही. काढून घ्यायचा प्रयत्न मात्र मी भरपूर केला!

हॉटेलांच्या दुनियेत या ‘बुटिक’ प्रकरणाची सुरुवात बरेच जण १९८४ पासून धरतात. न्यूयॉर्कचं मॉर्गन्स हॉटेल. इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल हे मालक आणि आंद्रे पुटमन ही फ्रेंच डिझायनर. बजेट तुटपुंजं, म्हणून बाईंनी बाथरूम्सना स्वस्तातल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी टाइल्स लावल्या. तो बुद्धिबळाचा पटच पुढे हॉटेलची ओळख झाला. आपल्याकडे ताज ग्रुपच्या इंटिरियर्सची सूत्रं कित्येक वर्षं एलिझाबेथ केरकर यांच्या हातात होती. त्या ग्रुपमधल्याच. आता अशी कामं बाहेरच्या छोट्या स्टुडिओंकडेही जातात, आणि तिथे माझ्यासारख्या फ्रीलान्सर मुली वही-पेन घेऊन मुलाखतीला जातात.

मला वाटलं होतं, मूड बोर्ड बघायला मिळतील, सिल्कचे तुकडे, वाळलेली पानं वगैरे. ते होतंच. पण खरी मजा होती भिवंडीच्या एका गोदामात. तिथे त्यांनी एक अख्खी हॉटेल रूम बांधली होती. मॉक-अप रूम! म्हणजे बघा, हॉटेलात एकशे वीस रूम्स असतील आणि बेडजवळचं बटण चुकीच्या जागी बसलं, तर ती चूक एकशे वीस वेळा होणार. म्हणून आधी एकच रूम खरीखुरी उभी करायची. खरा पलंग, खरा नळ, नळाला खरं पाणी. मग सगळ्यांनी मिळून तिची चिरफाड करायची. झोपल्या झोपल्या दिवा बंद करता येतो का? पडदे ओढल्यावर मधल्या फटीतून ऊन डोळ्यांवर येतं का? चार्जर लावायला पलंगामागे रांगावं लागतं का? खुर्चीचं कापड निवडायच्या आधी ते मशीनवर हजारो वेळा घासून बघितलेलं असतं. कॉरिडॉरचं कार्पेट भरगच्च डिझाईनचं का, तर त्यावर कॉफी सांडलेली कळत नाही. पलंग थेट जमिनीपर्यंत बंद का, तर खाली पाहुण्यांच्या वस्तू जात नाहीत आणि धूळही. या गोष्टी कळल्या ना, की हॉटेलात पाय ठेवल्यावर तुमची नजरच बदलते. शेवटी हॉटेलचा मालक येऊन त्या रूममध्ये एक रात्र झोपून बघतो.

मी सगळीकडचे फोटो काढले आणि रात्री घरी आईला दाखवले. आता इथे सांगायला हवं, माझी आई सव्वीस वर्षं एका पंचतारांकित हॉटेलात हाऊसकीपिंगला होती.

आईने चष्मा लावला. काळ्या मार्बलचं बाथरूम बघून मी मनातल्या मनात आहाहा करत होते. ती म्हणाली, ‘‘याच्यावर पाण्याचा एकेक थेंब वाळून बसतो. दर वेळी कोरडं करत बसा.’’ मधोमध ठेवलेला तो अंड्यासारखा बाथटब? ‘‘त्याच्या न् भिंतीच्या मध्ये हात जातो का? केस तिथेच जमतात. आडवं पडून काढावे लागतात.’’ पलंगावर नऊ उश्या. ‘‘रात्री उचलून खुर्चीत, सकाळी परत पलंगावर. त्यावर झोपतं कुणी नाही.’’ मग मी हुशारीने तिला पुटमनबाईंच्या बाथरूमचा फोटो दाखवला. आई दोन मिनिटं बघत राहिली. मला वाटलं, आवडला. ‘‘सांधे किती गं!’’

दुसऱ्या दिवशी हे मी स्टुडिओच्या मालकिणीला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. तिने विचारलं, ‘‘काकू भिवंडीला येतील का?’’

आई आली. साडी चांगली नेसली होती आणि मॉक-अप रूमच्या दाराबाहेर चपला काढून आत गेली. ‘‘काकू, राहू द्या ना चपला,’’ म्हणेपर्यंत ती पलंगापाशी पोचलीसुद्धा. गादीचा कोपरा उचलून बघितला, सोडला. परत उचलला. ‘‘जड आहे. आम्हाला दिवसाला चौदा रूम्स असायच्या. चौदा पलंग, प्रत्येकाचे चार कोपरे.’’ मी मनात गुणाकार केला, छप्पन. पलंग जमिनीपर्यंत बंद असल्यामुळे चादर खोचताना पायाची बोटं आपटतात आणि माणूस लांबून वाकतो, सगळा भार कमरेवर येतो. हे तिने करून दाखवलं. नंतर बाथटबच्या मागे हात घालून दाखवला. कोपरापर्यंत गेला, पुढे नाही.

मालकीण टिपून घेत होती. मालक झोपून बघतो, पण ही रूम आवरून कुणी बघितली आहे का, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, हॉटेलचे हाऊसकीपिंग मॅनेजर येऊन जातात. आईने माझ्याकडे बघितलं. मॅनेजर. बरं.

मला ही मालकीण आवडली, हे कबूल करते. तिने पलंगाची खालची फळी चार इंच आत घेतली, पावलं आत जावीत म्हणून. बाथटब भिंतीपासून पुढे सरकवला. काळा मार्बल मात्र राहिला, शॉवरची ती छतापर्यंतची काचही राहिली. हॉटेलच्या मालकाला त्या हव्या आहेत आणि पैसे तो देतोय. त्या काचेवरचे डाग रोज कोण काढणार, त्याचे पैसेही तोच देतो म्हणा. किती, ते आईच्या जुन्या पे-स्लिप्समध्ये आहे.

हे सगळं मी इतकं मनावर का घेतलं? कारण आमच्याच घरात तेव्हा हाच वाद पेटला होता. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेल्या त्या इमारती, एका मजल्यावर वीस खोल्या, संडास सगळ्यांचा मिळून एकीकडे, आणि खोली १६० चौरस फुटांची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुनर्विकासातल्या नव्या टॉवर्सच्या चाव्या ५५६ कुटुंबांना मिळाल्या, त्यात आम्ही होतो. आता ५०० चौरस फूट! टू बीएचके! मला स्वतःचं दार असलेली खोली अठ्ठावीसाव्या वर्षी पहिल्यांदा मिळतेय. कॉलेजपासून ऑफिसपर्यंत मी ‘वरळीला राहते’ एवढंच सांगत आले. समोरच्याला सी-फेस वाटला तर वाटू दे. कधी कुणाला घरी बोलावलं नाही. माझ्या लॅपटॉपवर ‘न्यू होम’ नावाचं एक फोल्डर आहे आणि त्यात दोनशे अकरा फोटो आहेत. पांढऱ्या भिंती, काचेचं टेबल, उघडे शेल्फ, जमिनीलगतचा सोफा. मैत्रिणी येतील, बघतील आणि ‘वॉव’ म्हणतील, एवढंच हवं होतं मला. यात काय वाईट आहे?

पण खर्च होणार आहे तो आईच्या प्रॉव्हिडंट फंडातून. माझे चेक तीन-तीन महिन्यांनी येतात, हे फ्रीलान्सिंग करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. आईने माझं फोल्डर पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत बघितलं, घाई न करता. मग म्हणाली, ‘‘छान आहे. पण हॉटेलात राहायचं तर पुसायला माणूस ठेव. मी रिटायर झाले. आता घरात परत ड्युटी लावणार नाही.’’

मी म्हटलं, मी पुसेन. ती काही बोलली नाही. तिचे गुडघे दोन्ही गेलेत आणि मी सकाळी नऊला उठते, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे.

तेव्हापासून वाटाघाटी सुरू आहेत. काचेचं टेबल गेलं. उघडे शेल्फ दोन राहिले, तेही तिच्या हाताला लागतील एवढ्याच उंचीवर. फॉल्स सीलिंगचं नाव मीच काढलं नाही, कारण त्याच्या खाचांमध्ये काय जमतं, ते मी आता भिवंडीत ऐकून आलेय. ओट्याची उंची आईच्या कोपराच्या मापाने ठरली. ते माप स्टुडिओच्या मालकिणीने स्वतः घेतलं, फी न घेता, आणि कागदावर लिहून दिलं. आईने तो कागद देव्हाऱ्याच्या खणात ठेवलाय. एक भिंत पूर्ण पांढरी, एकही खिळा नसलेली, ही माझी. त्यावर ती हो म्हणाली, फक्त रंग धुता येणारा हवा.

सोफा अजून ठरत नाहीये. मला तो जमिनीला टेकलेला हवाय, आईला त्याच्याखाली झाडू फिरेल असा. सुतार म्हणतोय, रविवारपर्यंत काय ते सांगा, नंतर प्लायचा भाव वाढणार आहे.