सुकलेल्या फुलांची रजई

लंडनचा मार्च भलताच फसवा. दोन दिवस ऊन पडतं, जॅकेटं निघतात आणि तिसऱ्या पहाटे गवतावर पांढराशुभ्र बर्फाचा थर! अशाच एका वीकएण्डला मी वॉटर्लूहून ट्रेन पकडून वोकिंग आणि तिथून विस्ली गार्डन गाठलं. सर थॉमस हॅनबरींनी ही बाग १९०३ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीला दिली.

आता बागेत हायड्रेंजिया शोधा. गेल्या वर्षीचे तपकिरी, वाळके झुपके झुडपांवर अजून तसेच असतात. आपला हात लगेच कात्रीकडे जाईल. पण थांबा! हे झुपकेच खालच्या कोवळ्या डोळ्यांची रजई आहेत. मोठ्या गोल झुपक्यांच्या जातीत यंदाच्या फुलांचे डोळे गेल्या उन्हाळ्यातच धरलेले असतात. एका कडक रात्रीत ते करपले, की झुडूप जगतं, पण त्या वर्षी फुलं जवळपास विसरायचीच.

म्हणून फंडा सिंपल आहे. कडाका ओसरल्यावरच छाटणी, तीही पहिल्या जोमदार डोळ्यांच्या जोडीपर्यंत. थंडी परतलीच तर रात्रभर फ्लीसचं कापड. मुळांशी पालापाचोळ्याचं खत, पण खोडाला न चिकटवता.

मार्चमध्ये ही झुडपं फोटोजेनिक नसतात. जुलैचे निळे-गुलाबी झुपके मात्र तेव्हाच वाचवलेले असतात.