फ्रँकफर्टचा सक्तीचा मुक्काम

फ्रँकफर्टच्या विमानतळाला गावच म्हटले पाहिजे. शहराच्या नैर्ऋत्येला, झाडीच्या कुशीत वसलेल्या या गावात दुकाने आहेत, दवाखाना आहे, प्रार्थनेची जागा आहे आणि पोटात चक्क रेल्वेचे स्टेशन आहे. १९७२ साली उघडलेल्या पहिल्या टर्मिनलच्या लांबलचक दालनांतून हिंडताना तास कसा जातो कळत नाही. मात्र हिंडणे स्वखुशीचे हवे. फलकावर आपल्या विमानापुढे ‘रद्द’ असे उमटले, की तेच गाव परके होऊन जाते.

आमचे मुंबईचे विमान असेच ऐन वेळी रद्द झाले. खिडकीपुढे ही रांग लागली! माझ्यापुढे सातारच्या एक काकू होत्या. लेकीचे बाळंतपण उरकून एकट्याच परतत होत्या. खिडकीवरल्या बाईने त्यांना जेवणाचे कूपन दिले, हॉटेलची चिठ्ठी दिली, दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा दिली आणि सहीसाठी एक कागद पुढे सरकवला. भरपाई म्हणून कंपनीचेच व्हाउचर. पुढच्या प्रवासात वळते करून घ्यायचे.

“जेवायला घातलं, निजायला जागा दिली, वर हेही देताहेत. आणखी काय हवं? करते सही!” काकू म्हणाल्या.

“काकू, जरा थांबा. सही तेवढी करू नका,” मी म्हटले.

कारण रांगेत उभ्या उभ्या मी एक पाटी वाचली होती: विमान रद्द झाल्यास आपल्या हक्कांचा कागद मागून घ्या. मी तो मागितला, आणि बाईंनी मुकाट्याने दिला. युरोपीय संघाचा हा नियम २००४ सालचा. १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू झालेला. संघातल्या विमानतळावरून उडणारी कंपनी कोणत्याही देशाची असो, १४ दिवस आधी न कळवता तिने विमान रद्द केले तर अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो द्यावे लागतात. मुंबई तिथून सुमारे ६,५०० किलोमीटर. म्हणजे ६०० युरो. तेही रोख किंवा बँकेतून. व्हाउचर द्यायचे तर प्रवाशाची सही लागते! जेवण आणि बिछाना हा वेगळा हक्क. २०१० साली आइसलँडच्या ज्वालामुखीने आकाश बंद पाडले, तेव्हाही तो बुडाला नव्हता.

काकूंनी कागद परत सरकवला. मग आम्ही विमान रद्द होण्याचे कारण लेखी मागितले. ‘तांत्रिक बिघाड’ एवढे दोनच शब्द मिळाले. पण पुढे तेच कामाला आले.

काकूंच्या जावयांनी अर्ज धाडला. उत्तर आले: ‘असाधारण परिस्थिती, भरपाई देता येत नाही.’ वादळ किंवा ज्वालामुखी असता तर ते खरे ठरले असते. पण व्हिएन्नाच्या एका प्रवासी बाईंनी इंजिनाच्या बिघाडावरून लढवलेल्या खटल्यात लक्झेंबर्गच्या न्यायालयाने २००८ सालीच सांगितले आहे, की नेहमीच्या देखभालीत निघणारा बिघाड असाधारण नव्हे. जावयांनी तेवढे लिहून दुसरे पत्र टाकले. त्यावर मौन! दोन महिने वाट पाहून त्यांनी बर्लिनच्या मध्यस्थ संस्थेकडे कागद पाठवले. तिथे प्रवाशाला खर्च पडत नाही. काही महिन्यांनी पैसे आले. नातवाच्या वाढदिवसाला जायचे तिकीट काकूंनी त्यांतूनच काढले, आणि तेही दुसऱ्या कंपनीचे!

आता गंमत पाहा. हेच विमान मुंबईहून फ्रँकफर्टला निघताना रद्द झाले असते आणि कंपनी भारतीय असती, तर हा युरोपीय नियम लागू झाला नसता. आपल्याकडेही नियम आहे. विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१६ साली ठरवल्याप्रमाणे दोन तासांहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे आणि इंधन आकार, यांपैकी कमी असेल ते. रक्कम लहान, पण हक्क तोच.

आपल्याला सवय एस.टी.च्या फलाटाची. गाडी रद्द झाली, की वळकटी पसरायची आणि कपाळाला हात लावायचा. कूपन मिळाले तर ती मेहेरबानी वाटते. फ्रँकफर्टला त्या रात्री रांगेतल्या किती जणांनी ती पाटी वाचली कोण जाणे! तुमच्यावर असा प्रसंग आला, तर तिकीट जपा, कारण लिहून घ्या, आणि सही करण्याआधी कागद नीट वाचा.